वटवृक्षाचा बिल्ला आणि तेवीस डबे

एका गावात पिठाची एक गिरणी होती. गिरणी काय, सगळ्याच गावांत असते. पण या गिरणीत एक लेखिका बसत असे, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

लेखिकेचं नाव मालन. वय पन्नाशीचं, शिक्षण दहावीपर्यंतचं आणि केसांत बारा महिने पीठ. तिचा नवरा हणमंता दगड गुळगुळीत झाले की छिन्नीने टोचून त्यांना टाकी लावायचा, पट्टा बदलायचा आणि मोटार बंद पडली की मोटारीशी भांडायचा. बाकीची गिरणी मालनच्या हातात. डबे रांगेत लावायचे, धान्य ओतायचं, पीठ भरून द्यायचं. यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. डब्यावर नाव नसलं तरी तो कुणाच्या घरचा हे ती सांगे. झाकण उघडून वास घेतला की ज्वारी कोणत्या शिवारातली हे सांगे. दोन बोटांत पीठ चोळलं की आधीच्या दळणातलं काही त्यात आलंय का, तेही तिला कळे.

एका हिवाळ्यात तिने या डब्यांवरच लिहिलं. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, दळणं संपल्यावर, खोडत आणि पुन्हा लिहीत तिने आठ दिवस घेतले. कुणाचा डबा चेपलेला, कुणाच्या डब्याला झाकण भलत्याच डब्याचं, कुणाचा डबा सासूने भरलेला आणि कुणाचा सुनेने, हे सगळं त्यात होतं. ‘सकाळी गिरणी उघडते तेव्हा दाराशी पहिला डबा अनुसयाबाईंचा असतो,’ अशी त्याची सुरुवात होती. हणमंत्याने ते वाचलं. मग मोटार बंद करून परत वाचलं. मग गिरणीत जी बाई येईल तिला थांबवून वाचून दाखवलं. दळण राहिलं बाजूला.

तिच्या भाचीने तिच्या फोनवर ‘अक्षरपार’ नावाचं एक अ‍ॅप घालून दिलं. लिहिणाऱ्या लोकांचा तो पार होता. तिथे गावोगावची माणसं आपलं लिखाण टाकत आणि एकमेकांचं वाचत. मालनने डब्यांचा लेख तिथे टाकला. दोन दिवसांत चाळीस जणांनी तिला लिहिलं. निफाडच्या नलिनी ओझरकर म्हणून एक निवृत्त परिचारिका होत्या, त्यांनी लिहिलं, ‘ताई, तुमच्या लेखात मला माझ्या आईचा डबा दिसला. पुढचं लिहा. मी थांबते.’

हे वाचून मालनच्या डोळ्यांत पाणी आलं. इथपर्यंत सगळं छान होतं. इथेच थांबलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

पण अक्षरपारावर बिल्ले मिळत. सलग सात दिवस लिहिलं की ‘अंकुर’. एकवीस दिवस लिहिलं की ‘रोप’. शंभर दिवसांना ‘झाड’. आणि एकही दिवस न चुकता वर्षभर लिहिलं की सगळ्यांत मोठा, सोनेरी पारंब्यांचा ‘वटवृक्ष’. रोजचं लिखाण किमान दीडशे शब्दांचं हवं. आणि पारावरचा दिवस संध्याकाळी सहाला मिटे, बिल्लेही त्यानंतरच मिळत. सहालाच का, ते कुणालाही माहीत नव्हतं. सहा वाजून एक मिनिट झालं की तुमची साखळी तुटली आणि तुम्ही परत पहिल्या दिवशी.

कल्पना वाईट नव्हती. हाताला वळण पडावं म्हणूनच कुणीतरी ती काढली असणार. सुरुवातीला मालनच्या हाताला ते पडलंही. ‘अंकुर’ मिळाला तेव्हा तिने गिरणीच्या गल्ल्यापाशी फोन उभा करून ठेवला. ‘रोप’ मिळालं तेव्हा हणमंत्याने पेढे आणले. पण पंचविसाव्या दिवशी तिच्याकडे लिहायला काही नव्हतं. म्हणजे होतं, पण ते शिजायला आठ दिवस लागले असते. आणि आठ दिवस कुणाला होते? मग तिने ‘चहाचे महत्त्व’ या विषयावर दीडशे शब्द लिहिले. पारावरच्या लोकांनी ‘अप्रतिम’ म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिने ‘हास्याचे महत्त्व’ लिहिलं. तेही अप्रतिम निघालं. मग काय, वेळेचं महत्त्व, झाडांचं महत्त्व, मौनाचं महत्त्व. मौनावर तर ती तीन दिवस सलग लिहीत होती.

त्यात आणखी एक ‘रसिक’ नावाचा बिल्ला होता. रोज दहा जणांच्या लिखाणाला दाद दिली की तो मिळे. दहा जणांचं वाचायला वेळ कुणाला आहे? मालन न वाचताच बोट फिरवी. ‘व्वा’, ‘सुंदर’, ‘अप्रतिम’. एका गृहस्थांनी आपला बैल मेला त्यावर लिहिलं होतं. त्याखाली मालनने टाकलं, ‘व्वा! असंच चालू राहू दे.’ त्या भल्या माणसाने उत्तर दिलं, ‘ताई, एकच बैल होता.’ हे उत्तरसुद्धा तिने चार दिवसांनी वाचलं. वाचून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ‘रसिक’चा बिल्ला तोवर मिळून गेला होता.

फोन रोज दुपारी तीनपासून तिच्या मागे लागे. ‘मालनताई, आज पारावर दिसला नाहीत! साखळी तुटायला तीन तास उरले.’ मग दोन तास. मग एक. ती फोनवर वैतागे, विषय सुचत नाही म्हणून स्वतःवर वैतागे, आणि मधेच कुणी डबा घेऊन आलं की त्या बाईवर वैतागे. पूर्वी डबा आला की ती पहिल्यांदा आत डोकावून पाही. आता ती मान वर न करता ‘ठेवा तिकडं’ म्हणू लागली. डबे कुठे ठेवले, कुणी ठेवले, कोणता आधी आणि कोणता नंतर, ते बायकांचं बायकाच पाहू लागल्या.

हणमंत्याने बरेच दिवस कळ काढली. मग एक दिवस तो मागच्या खोलीतून धावत आला आणि त्याने बटण बंद केलं.

“आगं, गिरणी मोकळी फिरतीया!” तो ओरडला. “दगडाला दगड घासतोय. तुला ऐकू येत न्हाई व्हय?”

“दोनच ओळी राहिल्यात,” मालन म्हणाली.

“कशाच्या?”

“संयमाचं महत्त्व.”

हणमंत्याने कपाळाला हात लावला. “त्या डब्यांचं लिव्हलंवतंस, तसं परत का लिव्हत न्हाईस?”

“त्याला वेळ लागतो.”

“मग लाव की वेळ. तुला कोण नको म्हणतंय?”

“आणि साखळी तुटली म्हंजे? दोनशे अकरा दिवस झाल्यात!”

हणमंत्याने दगड उचलून पाहिले आणि पुन्हा टाकी लावायला बसला. नलिनीबाईंचं काहीच येत नसे आताशा. मालनच्या ते लक्षात आलं होतं. पण नलिनीबाई धरून अकरा माणसं गप्प झाली आणि ‘अप्रतिम’ म्हणणारी साठ वाढली, म्हणजे वाढच झाली, असा तिने हिशेब केला आणि पुढे लिहीत राहिली.

असं करत करत शिवरात्र आली. नेमका शिवरात्रीलाच मालनचा तीनशे पासष्टावा दिवस होता.

या गावात शिवरात्रीचा एक रिवाज होता. दिवसभर कुणी चूल पेटवत नसे. पाणी प्यायचं, फळ खायचं, आणि काही बाया तर पाणीही पीत नसत. संध्याकाळी सहाला महादेवाच्या देवळात आरतीची घंटा झाली की घरोघरी उपवासाच्या पिठाची थालीपिठं लागत. ते पीठ आदल्या दिवशी गिरणीवर दळलं जाई. वरई, साबुदाणा आणि राजगिरा. त्यासाठी गिरणी आधी झाडून-पुसून स्वच्छ करायची. मग वरईचं पहिलं मापटं नुसतंच दळून काढायचं, म्हणजे दगडांत अडकलेलं ज्वारी-बाजरीचं पीठ त्याबरोबर निघून जातं. ते मापटं गाईला घालायचं. त्यानंतर उपवासाचे डबे, आणि ते संपेपर्यंत मधे दुसरं धान्य गिरणीच्या तोंडाला लावायचं नाही.

आदल्या दिवशी सकाळी हणमंत्याने हे सगळं केलं. गाईला मापटं घातलं. मग नवा पट्टा आणायला तालुक्याला निघाला. जाताना म्हणाला, “मालन, तेवीस डबं हायत. मधी काय घालू नगंस.”

“मला शिकवता काय?” मालन म्हणाली. ते खरंच होतं. तिला शिकवायची गरज नव्हती.

तिने मोटार सुरू केली. तेवढ्यात तिला एक वाक्य सुचलं. तीनशे चौसष्टावा दिवस होता, विषय होता ‘स्वच्छतेचे महत्त्व’. वाक्य विसरायच्या आत ते लिहून टाकावं म्हणून ती फोन घेऊन बसली. गिरणी मोकळी फिरत राहिली. मग शेजारच्या आळीतली एक बाई आली. तिच्याकडे अचानक पाहुणे आले होते. “मालनताई, शेरभर बाजरी हाय, एवढी देता का दळून?” मालनने फोनमधून डोकं वर न काढता मान हलवली. कशाला हलवली, तिचं तिलाच माहीत नव्हतं. त्या बाईने बाजरी स्वतःच ओतली, स्वतःच पीठ भरून घेतलं आणि निघून गेली. मालनने स्वच्छतेचे दीडशे शब्द पूर्ण केले, ते पारावर टाकले, आणि समाधानाने उठून उपवासाचा पहिला डबा ओतला. मग दुसरा. मग तिसरा. असे तेवीस. त्यांखेरीज पहिल्या पाच-सहांतच कुठेतरी तिने स्वतःचाही डबा दळून घेतला होता.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे शिवरात्रीला, संध्याकाळचे पाच वाजले. हणमंता देवळात मांडव घालायला गेला होता. मालनचाही उपवास होता. घंटा झाली की लगेच थापता यावं म्हणून तिने परातीत पीठ काढलं आणि त्यात पाणी घातलं. दोनदा मळलं आणि तिचे हात थांबले.

पिठाला बाजरीचा वास होता.

तिने चिमूट जिभेवर ठेवली नाही, उपवास होता. बोटांत चोळली. बाजरीच. मग तिला ती बाई आठवली, शेरभर बाजरी आठवली, स्वतःची हललेली मान आठवली. बाजरीनंतर मापटं काढलं नव्हतं. म्हणजे पहिल्या पाच-सहा डब्यांत बाजरी गेलेली होती.

कोणत्या पाच-सहा डब्यांत?

तिने डोळे मिटून रांग आठवायचा प्रयत्न केला. ज्या बाईने गावातल्या डब्यांवर लेख लिहिला, जिला डब्यांवरून घरं कळत, त्या बाईला काल कोणता डबा आधी ओतला हे आठवेना. तिने पाहिलंच नव्हतं तर आठवणार कुठून? म्हणजे आता तेवीसही घरी जायला हवं होतं. सगळ्या गावाने दिवसभर धरलेला उपवास सहाच्या घंटेला तिच्या पिठाने मोडणार होता. तिने पायांत चप्पल घातली.

आणि फोन वाजला. ‘मालनताई, आज पारावर दिसला नाहीत! वटवृक्षाला फक्त एक तास उरला.’

आता कुणीही शहाणा माणूस काय करील? फोन परातीत टाकील आणि धावत सुटेल. पण मालन उंबऱ्यातच उभी राहिली. तिने मनात धरलं, तेवीस घरं म्हणजे पाऊण तास. त्यानंतर लिहायला वेळ कुठला? उलट आधी दहा मिनिटांत लिहून टाकलं तर पन्नास मिनिटं उरतात. पन्नास मिनिटांत तेवीस घरं सहज होतील. तीनशे चौसष्ट दिवस केलेलं दहा मिनिटांसाठी कशाला घालवायचं? हे गणित तिला अगदी बरोबर वाटलं. अशी गणितं त्या वेळी बरोबरच वाटतात, हाच तर वैताग आहे.

ती उंबऱ्यावर बसली. विषय सुचेना. मग समोर शिवरात्र होतीच. तिने मथळा दिला, ‘व्रताचे महत्त्व’. ‘व्रत म्हणजे मनाचा निर्धार. व्रत म्हणजे संयमाची पायरी. व्रतामुळे माणसाला शिस्त लागते.’ नव्वद शब्दांवर गाडी अडली. ‘शिस्तीमुळे जीवन सुंदर होते.’ अजून छप्पन्न हवे होते. तिने फुलांची एक ओळ टाकली, पण अ‍ॅप फुलांना शब्द मानत नव्हतं. मग पडद्यावर नुसतंच चक्र फिरत राहिलं. मग सगळं एकदा पुसलं गेलं आणि तिने ते परत लिहिलं. शेवटी लिखाण पारावर चढलं तेव्हा पाच वाजून पस्तीस मिनिटं झाली होती.

मालन धावली.

पहिल्या घरची बाई म्हणाली, “आता सांगता व्हय? पीठ भिजवून ठिवलंय!” दुसऱ्या घरच्या सासूबाईंनी दोन्ही हात जोडले, तिला नव्हे, देवाला. तिसऱ्या घरी रताळी होती म्हणून निभावलं. चौथ्या घरी काहीच नव्हतं. प्रत्येक दारात तेच सांगायचं, तेच ऐकायचं. “चुकलं माझं, ते पीठ खाऊ नका,” असं म्हणून म्हणून तिच्या तोंडाला फेस आला. तिने घरं वाटेच्या क्रमाने घेतली, गिरणीपासून देवळापर्यंत. एकोणीस घरं झाली आणि घंटा वाजली.

विसाव्या, एकविसाव्या आणि बाविसाव्या घरी नुकती चूल पेटत होती, तिथे तिने वेळ गाठली. तेविसावं घर देवळाच्या मागे. तिथे अनुसयाबाई एकट्या राहत. त्यांची मुलगी लहानपणी तापातून वाचली तेव्हापासून त्या शिवरात्र धरत होत्या. पाण्याचा थेंब न घेता. अठ्ठावीस वर्षं झाली होती.

मालन दारात पोचली तेव्हा अनुसयाबाई ताटली घेऊन बसल्या होत्या. ताटलीत अर्धं थालीपीठ होतं.

“मावशी, खाऊ नका!”

“का गं?”

“पिठात बाजरी गेलीया. काल माझ्याकडनं चूक झाली.”

अनुसयाबाईंनी हातातला घास ताटलीत ठेवला.

“म्हणूनच,” त्या म्हणाल्या. “मला वास आला. पण म्हटलं, मालननं दळलंय. मालनच्या गिरणीत असं हुयाचं न्हाई. माझंच नाक म्हातारं झालं.”

कुणी शिव्या घातल्या असत्या तर मालनला बरं वाटलं असतं.

“कुणाचे डबे आधी होते ते आठवंना, मावशी. म्हणून सगळ्या घरांला सांगत आले.”

“माझा पहिला आसतोय की,” अनुसयाबाई म्हणाल्या. “तूच लिव्हलंवतंस न्हवं? हणमंतानं वाचून दावलंवतं मला. दोनदा.”

खरंच की. ‘सकाळी गिरणी उघडते तेव्हा दाराशी पहिला डबा अनुसयाबाईंचा असतो.’ तिचंच वाक्य. आठ दिवस घासून लिहिलेलं. ज्या घरी सगळ्यांत आधी यायचं त्या घरी ती सगळ्यांत शेवटी आली होती. मालनला आता स्वतःचा इतका राग आला की रडूही येईना.

नेमका त्याच वेळी तिच्या कमरेचा फोन वाजू लागला. सनई, नगारे, आणि वरून टाळ्या. ‘अभिनंदन, मालनताई! तुम्ही वटवृक्ष झालात!’

“काय ते?” अनुसयाबाईंनी विचारलं.

“बिल्ला मिळाला.”

“कशाचा?”

“रोज लिहिल्याचा. वर्षभर. एक दिवस न चुकता.”

“मग चांगलंच हाय की. आज काय लिव्हलंस? वाच बघू.”

मालन नको म्हणाली. अनुसयाबाईंनी ऐकलं नाही. त्यांना वाचता येत नव्हतं, पण ऐकायची हौस होती. शेवटी मालनने भिंतीला टेकून, खाली मान घालून ‘व्रताचे महत्त्व’ वाचलं. दीडशे शब्द. ‘व्रत म्हणजे मनाचा निर्धार’पासून शेवटच्या शब्दापर्यंत. आपल्या हाताने जिचं व्रत मोडलं तिच्यापुढे तिने ते सगळं वाचलं. दीडशे शब्द इतके लांब असतात हे तिला वर्षभरात पहिल्यांदा कळलं.

अनुसयाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

“बरं हाय,” त्या म्हणाल्या. “पण ही तू लिव्हलेलं वाटत न्हाई.”

“मावशी, मला पाच वाजताच कळलं होतं. मी आधी हे लिहीत बसले.” मालनने सांगून टाकलं. लपवायला आता काही उरलंही नव्हतं.

अनुसयाबाईंनी ताटली बाजूला सारली आणि तांब्यातलं पाणी घेतलं. मग त्या चिडल्या. चिडायच्याच होत्या. “आगं, तुझं येड्यावानी झालंय. माझा उपास मोडला, त्याचं बघंल महादेव. मी काय त्याला आकडं मोजून दावणार हाय? पुढच्या शिवरातीला परत धरीन. पण तुझ्या हातातलं काम गेलं, ते कुठनं आणशील?”

मालन घरी आली. हणमंत्याला तोवर देवळातच सगळं कळलं होतं. तो मोटार पुसत बसला, ती स्वच्छ असतानाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणी उघडताना मालनला वाटलं, आज दाराशी कुणाचाही डबा नसणार. डबे कमीच होते. ज्या बाया आल्या त्या पीठ हातात घेऊन, वास घेऊन मगच झाकण लावत होत्या. मालनसमोर, मुद्दाम. पण दाराशी पहिला डबा नेहमीचाच होता. चेपलेला, झाकण दोरीने बांधलेलं. मालनने तो उचलला, दोरी सोडली आणि आत डोकावून पाहिलं. ज्वारी होती. माळावरच्या शेतातली.

दुपारी तीनला फोन वाजला. तिने तो आवाज बंद करून रिकाम्या डब्यात टाकला आणि झाकण लावलं.

तिसऱ्या दिवशी अ‍ॅपने कळवलं, ‘तुमच्या वटवृक्षाची पानं गळू लागली आहेत.’ पाचव्या दिवशी, ‘तुमच्या वटवृक्षाला पाणी हवं आहे.’ सातव्या दिवशी, ‘वटवृक्ष वठला.’ मालनने यातलं काहीच वाचलं नाही. ती कॅलेंडरच्या मागच्या बाजूवर लिहीत होती. रोज लिहीत होती, हे मात्र खरं. वर्षभरात हाताला लागलेलं वळण तेवढं कामाला आलं. कधी चार ओळी लिहून त्यातल्या तीन खोडायची. कधी नुसतंच रांगेतल्या डब्यांकडे बघत बसायची. गिरणी मोकळी फिरू लागली की आता तीच आधी उठायची. अकरा दिवस लागले. बाजरी, मापटं, हललेली मान, उंबऱ्यावरची ती पस्तीस मिनिटं, सगळं तिने लिहिलं. स्वतःला सोडलं नाही.

बाराव्या दिवशी तिने डब्यातून फोन काढला आणि ते पारावर टाकलं. अ‍ॅपने ताबडतोब लिहिलं, ‘स्वागत आहे, मालनताई! आज तुमचा पहिला दिवस.’ तिला हसू आलं. या वेळी ‘अप्रतिम’ची गर्दी झाली नाही. लेख लांब होता, तो वाचावा लागत होता. संध्याकाळी एकच उत्तर आलं. निफाडहून. नलिनीबाईंनी लिहिलं होतं, ‘थांबले होते.’

हणमंत्याने मोटार बंद केली आणि गिरणीत होत्या नव्हत्या त्या सगळ्या बायांना लेख वाचून दाखवला. अनुसयाबाई डबा मांडीवर घेऊन शेवटपर्यंत ऐकत बसल्या होत्या. वाचून झालं तेव्हा सगळ्या त्यांच्याकडे बघू लागल्या.

“हां,” अनुसयाबाई म्हणाल्या, “ही मालननं लिव्हलंय.” आणि डबा पुढे सरकवत त्यांनी तक्रार केली, “पण माझा डबा चेपलेला हाय, ही परत कशाला सांगितलंस सगळ्यास्नी?”

तात्पर्य: रोजचा नियम कामासाठी धरावा, नियम टिकवण्यासाठीच काम उरकू लागलं, की काम बिघडतं, विश्वासाने आलेल्यांचं नुकसान होतं आणि हाती बिल्ला तेवढा राहतो.